दस्तीचं भाषांतर

अण्णा,

माल अजून सुटलेला नाही. कस्टम्सच्या डेपोतल्या सुपरिटेंडेंटनं आज दुपारी स्वतः फोन करून ते सांगितलं, त्यामुळे आता शंका उरली नाही. नॅपकिनांची खोकी शेडमध्येच राहतील, गुरुवारी सुनावणी होईल, त्याआधी आम्ही आमचं म्हणणं लेखी द्यायचं. "मैडम, मेरे हाथ में अब कुछ नहीं है," असंही तो म्हणाला, आणि ते खरं आहे. ज्याच्या हातात आहे तो अधिकारी दुसऱ्याच कुठल्यातरी शहरात बसतो. कुठल्या, ते आम्हाला सांगत नाहीत. आम्ही त्याला दिसत नाही, तो आम्हाला दिसत नाही, आणि कापड तर त्याला मुळीच दिसत नाही. स्क्रीनवर जे टाइप केलेलं असेल ते वाचून तो ठरवतो. तुम्हाला ही व्यवस्था आवडली असती, असं मला उगीचच वाटतं.

मी काय काम करते हे तुम्हाला कधी नीट सांगताच आलं नाही. विद्यानगरच्या घरी कुणी आलं की तुम्ही अभिमानानं सांगायचात, पोरगी कस्टम्समध्ये आहे. ते चुकीचं होतं. मी कस्टम्समध्ये नाही, कस्टम्सच्या दारात आहे. बाहेरून माल मागवणाऱ्यांचे कागद आमची फर्म करते, आणि त्यात घरातलं कापड माझ्याकडे असतं: चादरी, अभ्रे, टॉवेल, पडदे, टेबलावरचं कापड. प्रत्येक कापडाला कायद्यात एक जागा नेमलेली आहे आणि त्या एकाच जागी ते बसवावं लागतं. अंगाखाली घ्यायची चादर एका ठिकाणी, पलंगावर शोभेला टाकायची दुसऱ्या ठिकाणी, आणि त्याच शोभेच्या चादरीत कापूस भरला की ती गाद्यांच्या रांगेत जाऊन बसते. लोकांना हे ऐकून हसू येतं. मला इतक्या वर्षांत कधी आलं नाही. मला हे काम आवडतं, अजूनही. गेल्या आठवड्यापर्यंत तर फारच आवडत होतं.

झालं ते असं. इथं हैदराबादेत, कुकटपल्लीत एक बाई आहेत, होटेलांना आणि लग्नाच्या हॉलना कापड पुरवतात. आपल्यातल्याच, निजामाच्या वेळच्या मराठी शेतकरी घरातल्या, सासरे शहरात आले आणि मग सगळेच आले. नवरा गेल्यावर धंदा त्यांनी एकटीनं वाढवला. मला अक्का म्हणतात. त्यांनी तुर्कस्तानातून जेवणाच्या टेबलावरचे नॅपकिन मागवले. पांढरे, जाड सुताचे, कोपरे दुमडून शिवलेले, इस्त्री केली की ताटात पंख्यासारखे उभे राहणारे. मी कागदावर 'टेबल लिनन' लिहिलं. ते तेच आहे. त्यात विचार करण्यासारखंसुद्धा काही नव्हतं.

माल तपासायला खोकं उघडलं तेव्हा मी दुसऱ्या शेडमध्ये होते. बाई स्वतः आल्या होत्या, पहिल्यांदाच, कारण एवढा मोठा माल त्यांनी आधी कधी मागवला नव्हता आणि त्यांना तो बघायचा होता. सुपरिटेंडेंट उत्तरेकडचा, नुकताच बदलून आलेला, तसा भला माणूस. त्यानं एक घडी उचलून विचारलं, "ये क्या है?" आणि बाई म्हणाल्या, "दस्तियाँ हैं साब."

आता त्याच्या मुलखात दस्ती म्हणजे हातोहात पोचवायचा सरकारी कागद. तो हसला. "दस्ती? किसके नाम की?" बाईंना वाटलं साहेब गंमत करतायत, म्हणून त्याही हसल्या. मग तो वळून शेजारी टाइप करत बसलेल्या मुलीकडे बघायला लागला. ती इथली, तेलुगू घरातली, दखनी झकास बोलते, डेपोत नवीन आहे. ती मान वर न करता म्हणाली, "हैंडकरचीफ़ सर." आणि तिनं ते टाइप केलं. मालाच्या मालकिणीनं विचारल्यावर सांगितलं की माल हातरुमाल आहे. खाली बाईंची सही.

अण्णा, हातरुमाल कपड्यांच्या प्रकरणात जातो. घरातल्या कापडाच्या जवळपाससुद्धा नाही. त्यातून एक नियम असा आहे की चौकोनी कापडाची कुठलीच बाजू साठ सेंटिमीटरहून मोठी नसेल तर ते रुमालात धरायचं. तो नियम स्कार्फसारख्या कापडासाठी आहे, पण दूरच्या शहरात बसलेल्या माणसाला ते कोण सांगणार? त्याच्यासमोर एक फोटो आहे: पांढरा चौकोन, शेजारी मोजपट्टी. पांढऱ्या चौकोनाचा फोटो म्हणजे पांढरा चौकोन. तो खिशात जातो की मांडीवर, हे फोटोत येत नाही. आणि वर मालकीण स्वतः म्हणतेय रुमाल. दरातला फरक हा मुद्दाच नाही, तो भरून मोकळं होता येतं. मुद्दा असा की कागदावर एक लिहिलं आणि तोंडानं दुसरं कबूल केलं, म्हणजे बाईंनी जाणूनबुजून खोटं वर्णन दिलं, असा शेरा त्यांच्या नावावर बसायची वेळ आलीये. तो एकदा बसला की पुढचं प्रत्येक खोकं उघडलं जातं, प्रत्येक शब्दावर संशय घेतला जातो. ज्या बाईनं खरं सांगितलं तिला खोटारडी ठरवायला तिचंच खरं बोलणं वापरलं जातंय. आणि त्यांना सगळ्यांशी साधं, खरं बोला असं मीच सांगितलं होतं.

मी त्या टाइप करणाऱ्या मुलीवर ओरडले. मी कामाच्या जागी आवाज चढवत नाही, हे तिथल्या चहावाल्यालासुद्धा माहीत आहे, म्हणून सगळे बघत राहिले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मैं गलत क्या बोली मैडम? दस्ती बोले तो हैंडकरचीफ़इच ना?" तिनं शब्दाला शब्द दिला, बरोबर दिला, आणि गप्प बसली. कोर्टात दुभाषे म्हणून तुम्ही जे आयुष्यभर केलंत तेच तिनं केलं, अण्णा. म्हणून हे सगळं तुम्हाला सांगायला बसले आहे. राग तिच्यावर नाही, हे मला त्याच दिवशी कळलं.

तुम्हाला ती बाई आठवते का, वाटणीच्या खटल्यातली? मी कॉलेजात होते, सुट्टीत तुमचा डबा घेऊन कोर्टात आले होते आणि मागच्या बाकावर बसले होते. तुम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उभे, हात मागे बांधलेले. ती म्हातारी घाबरलेली, पदर दातात धरून बोलतेय. वकील विचारतो जमीन कुणी दिली, आणि ती म्हणते, "मामांनी दिली." तुम्ही जज्जसाहेबांना इंग्रजीत सांगता, मामानं दिली. ते विचारतात, म्हणजे आईचा भाऊ? आणि तुम्ही म्हणता, "ती मामा म्हणाली, सर." बस. वकिलानं आईचा भाऊ लिहून घेतलं. मला मागच्या बाकावर कळत होतं की ती सासऱ्याबद्दल बोलतेय. आपल्याकडच्या बायका सासऱ्याला मामाच म्हणतात, आई तुमच्या वडिलांना तेच म्हणायची. तुम्हाला ते कळत नव्हतं असं तर होऊच शकत नाही.

अफझलगंजला बस बदलताना मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही चणेवाल्याकडून पुडी घेत होता.

"तुम्हाला माहीत होतं ना?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"मला विचारलं नव्हतं."

मग तुम्ही चिडलात. एरवी तुम्ही चिडायचा नाहीत, म्हणून ते शब्द तसेच्या तसे राहिले आहेत. साक्ष तिची आहे, तुम्ही म्हणालात. मी मध्ये पडलो की ती माझी झाली. आज दया आली म्हणून एकीच्या बाजूनं खुलासा करीन, उद्या राग आला म्हणून दुसऱ्याच्या विरुद्ध करीन, आणि कुणाला पत्ता लागणार नाही, कारण दोन्ही भाषा मलाच येतात. दुभाष्यानं शब्द द्यायचा आणि बाजूला व्हायचं. वकिलाला खुलासा हवा असेल तर तो मागेल. "आणि नाही मागितला तर?" मी विचारलं. तुम्ही पुडी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, चढ, बस सुटेल.

त्या म्हातारीचं पुढे काय झालं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि मी विचारलं नाही. मला तेव्हा तुमचं म्हणणं फार मोठं वाटलं होतं. इतकं मोठं की मी माझ्या कामातही ते पाळत आले. मालाला मालकाच्या सोयीचं नाव द्यायचं नाही, माझ्या सोयीचं नाव द्यायचं नाही, आहे ते लिहायचं. आणि आता तोच नियम एका टाइप करणाऱ्या मुलीनं पाळला आणि एक बाई त्याखाली सापडलीये. तुमचा नियम चांगल्या दिवसांसाठी होता, अण्णा. समोर बसलेला माणूस विचारील, थांबेल, पुन्हा विचारील असं त्यात धरलेलं होतं. आता समोर माणूसच नाही.

आमच्या फर्मच्या मालकांचा सल्ला सोपा होता. ते अशा बाबतीत झोपेतून उठवलं तरी सल्ला देतील. "अरे मैडम, बोल दो सुनने में गलती हुई. वो नैपकिन बोली, उनको दस्ती सुनाई दिया. कौन पूछने वाला है?" मला ते पटलं नाही, पण बाईंपुढे मांडायला हवं होतं, म्हणून कुकटपल्लीला गेले. त्यांनी चहा केला, मी सांगितलं, आणि त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी त्यांच्या घरातलं काहीतरी उचलून नेतेय.

"अक्का, मी बोल्ले ते बोल्ले. दस्ती बोल्ले. माझी सासू बोलायची, मी बोलते, माझ्या दुकानातले पोरं बोलतात. आता मी नाही बोल्ले म्हणू?"

"म्हणा असं मी सांगत नाही. मालक सांगतात."

"तुमच्या मालकाला बोला, नक्को. आत्ता मी खोटी नाही. ते बोल्ले की मग खोटी होईन. हौ की नाही?"

मी हौ म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग त्या म्हणाल्या, तुम्हीच सांगा ना साहेबाला, आपल्या घरांत दस्ती म्हणजे काय ते. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचे वडील कोर्टात होते. तुमचं ऐकतील.

त्यांच्या डोक्यात ते साधं होतं, आणि परत येताना मलाही साधं वाटायला लागलं. आपल्या घरी दस्ती हा शब्द खिशातल्या रुमालापुरता कधीच नव्हता. तुम्ही जेवायला बसताय, आई वाढतेय, आणि तुम्ही म्हणता, दस्ती दे गं. मी खुंटीवरचं कापड आणून देते, तुम्ही ते मांडीवर पसरता. आई सोलापूरची, तिला रुमाल म्हणायची सवय, ती दर वेळी टोमणा मारायची: "खिशात दस्ती, मांडीवर दस्ती, भांडं उतरवायला दस्ती. निजामानं जाताना तुमच्याकडं एकच शब्द ठेवला वाटतं." तुम्ही हसायचात. मी तुम्हाला अण्णा म्हणायचे त्यावरून शेजारच्या तेलुगू काकू तिला विचारायच्या, पोरगी बापाला थोरला भाऊ का म्हणते, तर आई म्हणायची, वागतात तसेच म्हणून. असं ते घर होतं. एकेका शब्दाची अशी ओढाताण तिथं रोज चालायची आणि कुणाला त्याचा त्रास व्हायचा नाही.

तेव्हा मी ठरवलं, त्या डेपोतल्या मुलीलाच साक्षीला घ्यायचं. तिनंच शब्द दिला, तिनंच सांगावं की या शब्दाचा अर्थ याहून मोठा आहे. मी आधी ओरडल्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "जाने दो मैडम, टेन्शन में थे आप." मग मी विचारलं, तुमच्या घरी जेवताना हात पुसायला जे देतात त्याला काय म्हणतात? मला उत्तर माहीत होतं. निदान तसं वाटत होतं. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "टिशू, मैडम."

तिची चूक नाही. तिच्या आजीला विचार म्हटलं, तर आजी गावी असते आणि फोनवर ऐकू येत नाही. मग मी आमच्या ऑफिसातल्या पोरांना विचारलं, दुकानदारांना विचारलं, बिल्डिंगच्या वॉचमनला विचारलं. सगळ्यांनी खिशावर हात ठेवला. दस्ती म्हणजे ही. एक म्हातारे बुकसेलर तेवढे म्हणाले, हो हो, जेवायला अंथरतात त्या दस्तरखानावर पण असायची, पण नंतर म्हणाले, नाही, ते वेगळं असेल, मला नक्की आठवत नाही. माझं डोकं इतकं फिरलं होतं की मी त्यांच्याशी वाद घातला. जिवंत माणसाशी त्याच्या आठवणीवरून वाद घालणारी मी. तुम्ही बघायला हवं होतंत.

शेवटी ताईला पुण्याला फोन लावला. तुम्हाला माहीत आहे, तिला सगळं आठवतं. कुठल्या वर्षी कुठली साडी ते आठवतं. मी विचारलं, अण्णा जेवताना मांडीवर घ्यायचे ते कापड, त्याला आपण काय म्हणायचो? ती क्षणभर न थांबता म्हणाली, "रुमाल."

"दस्ती नाही?"

"दस्ती खिशातली. अण्णा ऑफिसला निघाले की दारातून ओरडायचे ना, दस्ती राहिली."

"मांडीवरच्याला पण म्हणायचे. आई टोमणे मारायची त्यावरून."

"आई टोमणे मारायची ते 'अण्णा' म्हणण्यावरून. दस्तीचं मला तरी नाही आठवत. तू लहान होतीस गं. आणि तुला आत्ता कायकू पाहिजे हे?" पुण्याला इतकी वर्षं राहून तिचं कायकू सुटलं नाही. मी म्हटलं, काही नाही, कामाचं आहे.

फोन ठेवल्यापासून मी तुमच्यावर चिडलेली आहे, अण्णा, आणि त्याला काही अर्थ नाही हे मला कळतं. ताई मोठी, तिला जास्त आठवणार. पण तुम्ही मांडीवर पसरलेलं ते कापड आणि तो शब्द मला एकत्रच दिसतात, वेगळे करताच येत नाहीत. आता ते आधीपासून एकत्र होते, की बाईंच्या घरून परत येताना रिक्षात मी ते शिवून टाकले, हे सांगणारं कुणी उरलं नाही. आई नाही, तुम्ही नाही. शब्द देऊन बाजूला व्हायचं असं तुम्ही शिकवलंत, पण देण्याआधी तो आपलाच आहे की गरजेपुरता उचललेला, हे ओळखायचं कसं, ते सांगायचं राहिलं.

लेखी म्हणणं मी आज दुपारी तयार केलं. त्यात कापडाबद्दल आहे ते सगळं लिहिलंय: सुताची जाडी, कोपऱ्यांची शिलाई, बाई कुणाला माल पुरवतात, सोबत एक नमुना पाठवायच्या परवानगीची मागणी. एक विनंती केलीये की बाईंना दस्ती म्हणजे काय हे न विचारता, या कापडाचं काय करतात हे विचारावं, आणि त्यांच्याच भाषेत विचारावं. वर्षानुवर्षं असली उत्तरं लिहीत आलेय, हेही वेळेत झालं. फक्त एका वाक्याशी अडून बसले आहे. जुन्या हैदराबादी मराठी घरांत दस्ती हा शब्द जेवणाच्या कापडालाही वापरतात, असं ते वाक्य आहे. बाई खोटं बोलल्या नाहीत हे सगळं त्याच्यावर उभं आहे, आणि बाईंच्या शब्दावर तर संशयच आहे, त्यामुळे त्याला पुरावा म्हणून फक्त मी आहे.

गुरुवारी स्क्रीनवर सुनावणी होईल. बाई माझ्या शेजारी बसतील, डेपोतली ती मुलगी त्यांच्या बोलण्याचं भाषांतर करील. सुपरिटेंडेंट म्हणतो, तो लांबचा अधिकारी वाईट नाही, प्रश्न विचारतो, ऐकतो. तसं असेल तर तो त्या वाक्यावर थांबेल आणि मला विचारील, हे तुम्हाला कशावरून माहीत? मी म्हणेन, आमच्या घरी म्हणत असत. तो विचारील, खात्री आहे? तेव्हा बाई माझ्याकडे बघत असतील. मी बहुधा हो म्हणेन, अण्णा. खात्री नाही.